राजापूर लोकसभा मतदारसंघ (१९५७ ते २००९): लाटेविरुद्ध गेलेल्या एका ग्रामीण मतदारसंघाचा अभ्यास

२००४ च्या निवडणुकीपर्यंत निवडणूक आयोगाच्या यादीत महाराष्ट्रातील लोकसभा मतदारसंघांची मोजणी राजापूरपासून सुरू होत असे. राजापूर हा क्रमांक एकचा मतदारसंघ होता. २००९ मध्ये नव्या पुनर्रचनेनुसार निवडणूक झाली, तेव्हा ही मोजणी नंदुरबारपासून सुरू झाली, दक्षिण कोकण शेवटून तिसऱ्या म्हणजे शेहेचाळिसाव्या क्रमांकावर गेले आणि राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून पुसले गेले. त्याच्या जागी आलेला रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा मतदारसंघ त्याचा वारस मानला जातो. भौगोलिकदृष्ट्या ते बरेचसे खरेही आहे, पण राजकीय स्वभावाच्या दृष्टीने हे दोन मतदारसंघ वेगळे आहेत. राजापूरचा स्वभाव कसा घडला आणि ज्या परिस्थितीने तो घडवला त्याच परिस्थितीने पुढे त्या मतदारसंघाचे अस्तित्व कसे संपवले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

प्रथम भूगोल. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत त्या वेळच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याला मुंबई राज्यात दोन जागा होत्या, रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण. उत्तरेतून आझाद हिंद सेनेतील जगन्नाथराव भोसले आणि दक्षिणेतून मोरेश्वर दिनकर जोशी, असे दोघेही काँग्रेसचे उमेदवार निवडून आले होते. १९५७ मध्ये दक्षिणेकडच्या भागाला राजापूर हे नाव मिळाले. राजापूर शहरापासून देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत थेट सावंतवाडी आणि गोव्याच्या सीमेपर्यंत पसरलेल्या या मतदारसंघात मोठे शहर एकही नव्हते. राजापूर हे सतराव्या शतकात इंग्रजांची वखार असलेले जुने बंदर, पण विसाव्या शतकात ते तालुक्याचे लहानसे गाव उरले होते. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यावर तर या मतदारसंघाचा बहुतेक भाग सिंधुदुर्गात गेला आणि ज्या गावाचे नाव मतदारसंघाला होते ते मात्र रत्नागिरी जिल्ह्यात राहिले. या विसंगतीकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही, कारण तोवर राजापूर म्हणजे नाथ पै आणि दंडवते यांचा मतदारसंघ ही ओळख गावाच्या नावापेक्षा मोठी झाली होती.

१९५७ ते २००४ या काळात येथे लोकसभेच्या तेरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या आणि त्यांतून केवळ चार माणसे निवडून आली: बॅरिस्टर नाथ पै तीनदा, प्रा. मधू दंडवते पाचदा, सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चारदा. एवढ्यावरून हा मतदारसंघ सवयीने मत देणारा, म्हणजे ज्याला एकदा बसवले त्याला न उठवणारा होता, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो पुरता खरा नाही. महाराष्ट्रात काँग्रेसचा जोर सर्वाधिक होता ती वर्षे पाहिली, की वेगळेच चित्र दिसते. १९६२ मध्ये राज्यातील ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या तिनांत राजापूर होते आणि प्रजा समाजवादी पक्षाला महाराष्ट्रात मिळालेली ती एकमेव जागा होती. १९७१ च्या इंदिरा लाटेत ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसकडे गेल्या. पुन्हा राजापूर उरलेल्या तिनांत होते, आणि त्या वर्षी प्रजा समाजवादी पक्षाला संपूर्ण देशात ज्या दोन जागा मिळाल्या त्यांतील एक ही होती, दुसरी बंगालमधील काँटाई. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने ४८ पैकी ४३ जागा घेतल्या, तरीही दंडवते जनता पक्षाकडून निवडून आले. बावीस वर्षांच्या अंतरात तीनदा, वेगवेगळ्या उमेदवारांबाबत आणि वेगवेगळ्या कारणांनी उठलेल्या लाटांत, मतदारांनी तोच निर्णय घ्यावा, याचे स्पष्टीकरण केवळ व्यक्तिनिष्ठेने होत नाही.

तरी व्यक्तींचा वाटा मोठा होता, हे आधी मान्य करायला हवे. नाथ पै वेंगुर्ल्याचे. जन्म २५ सप्टेंबर १९२२. बेचाळीसच्या आंदोलनात तुरुंगवास, नंतर लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण, आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचे अध्यक्षपद, आणि परत आल्यावर गोवा मुक्ती व संयुक्त महाराष्ट्र या दोन्ही चळवळींत उडी, असा त्यांचा प्रवास होता. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत ते निवडून आले, त्यामुळे पहिला विजय लाटेविरुद्धचा नव्हे, लाटेबरोबरचा होता. १ मे १९६० रोजी राज्य मिळाल्यावर ती लाट ओसरली आणि समितीच्या जोरावर निवडून आलेले अनेक जण १९६२ मध्ये पडले, तेव्हा नाथ पै टिकले. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत सभा जिंकणारे वक्ते ही त्यांची ख्याती सर्वश्रुत आहे, पण त्यांच्या संसदीय कामातील सर्वांत वजनदार गोष्ट तुलनेने कमी बोलली जाते. फेब्रुवारी १९६७ मध्ये गोलकनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांना बाधा आणणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही असा निर्णय दिला, त्यावर संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करणारे खासगी विधेयक नाथ पै यांनी मांडले. ते संयुक्त समितीकडे गेले, त्यावर देशभर वाद झाला, खुद्द समाजवाद्यांतही मतभेद झाले आणि लोकसभा विसर्जित झाल्यामुळे ते निकाली न निघता संपले. १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच उद्दिष्ट सरकारने साध्य केले. पुढे आणीबाणीत संसदेच्या याच अधिकाराचा जो वापर झाला तो पाहता नाथ पै यांची भूमिका दूरदर्शी होती असे म्हणणे मला कठीण वाटते. परंतु विरोधी बाकावरचा, एका लहान पक्षाचा आणि ज्याच्या मतदारसंघात धड रेल्वेही नव्हती असा खासदार देशाच्या घटनात्मक वादाचा विषय ठरवू शकतो, हे त्या काळच्या लोकसभेविषयी आणि राजापूरविषयीही बरेच सांगून जाते.

१८ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात नाथ पै यांचे निधन झाले. लोकसभा डिसेंबरातच विसर्जित झालेली असल्याने पोटनिवडणुकीचा प्रश्न नव्हता. सार्वत्रिक निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि पक्षाने मधू दंडवते यांना उभे केले. दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, कोकणाशी जन्माचे नाते नसलेले. ज्या मुलखात गाव, वाडी आणि भावकी यांना इतके महत्त्व आहे तेथे परजिल्ह्यातील एका प्राध्यापकाला पुढे सलग वीस वर्षे निवडून दिले जाते, ही बाब नाथ पै यांच्या लोकप्रियतेइतकीच विचार करायला लावणारी आहे. १९७१ चा विजय सहानुभूतीचा होता असे म्हणता येईल, १९७७ चा आणीबाणीविरोधी लाटेचा. आणीबाणी जाहीर झाली तेव्हा दंडवते संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरात होते आणि वाजपेयी, अडवाणी यांच्याबरोबर त्यांना तेथेच अटक झाली होती. पण १९८०, १९८४ आणि १९८९ या तीन विजयांचे श्रेय अशा कोणत्याही एका प्रसंगाला देता येत नाही.

मला याचे मुख्य कारण दक्षिण कोकणाच्या अर्थव्यवस्थेत दिसते. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची सत्ता सहकारी साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक, खरेदी-विक्री संघ आणि शिक्षणसंस्था या साखळीवर उभी होती. ऊस कारखान्याला घालणाऱ्या शेतकऱ्याचे कर्ज, त्याची तोडणी, त्याच्या मुलाचा प्रवेश हे सगळे एकाच गटाच्या हातात असे, आणि मत हा त्या व्यवहाराचाच भाग होता. कोकणात ऊस नव्हता, म्हणून कारखाना नव्हता, म्हणून ती साखळीही नव्हती. लहान तुकड्यांची भातशेती, आंबा-काजू, मासेमारी आणि या सगळ्यांना पुरून उरणारी मुंबईची नोकरी, असा येथील संसार होता. घर चालत असे ते गिरणीतून, गोदीतून, बेस्टमधून किंवा एखाद्या पेढीवरून येणाऱ्या मनीऑर्डरवर. ज्याचा पगार परळला होतो त्याच्या कुटुंबाला गावातल्या सत्ताधाऱ्याकडून घेण्यासारखे फारसे काही नसते आणि म्हणून गमावण्यासारखेही नसते. हे स्वातंत्र्य गरिबीतून आलेले होते, पण ते स्वातंत्र्यच होते. त्यात राष्ट्र सेवा दलाच्या शाखा, गावोगावचे शिक्षक, वाचनालये आणि मुंबईच्या कामगार चळवळीतून गावी येणारे विचार यांची भर पडली, तेव्हा साधनांनी दुबळा पण शब्दांनी समर्थ असा समाजवादी पक्ष येथे टिकू शकला.

या मतदारसंघाची निवडणूक म्हणूनच कधी पूर्णपणे त्याच्या हद्दीत लढली गेली नाही. गावाच्या नावाची ग्रामविकास मंडळे मुंबईत होती, त्यांच्या बैठका गिरगाव-परळ-लालबागच्या चाळींत आणि शाळांच्या सभागृहांत होत, आणि चाकरमान्याने गावी पाठवलेल्या पत्रातील एक ओळ घरातल्या मतांची दिशा ठरवू शके. उमेदवारही प्रचारासाठी मुंबईत सभा घेत, आणि ही पद्धत आजही मोडलेली नाही.

दंडवते यांच्या कारकिर्दीत एक प्रश्न सतत राहिला तो रेल्वेचा. मुंबईहून दक्षिण कोकणात जाण्यासाठी आधी आगबोट आणि नंतर एसटी एवढेच मार्ग होते. दिवा-पनवेल-आपटा असा रुळांचा तुकडा साठच्या दशकात झाला आणि तेथेच थांबला. कोकण रेल्वेची मागणी नाथ पै यांनीही केली होती. मार्च १९७७ ते जुलै १९७९ या काळात दंडवते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपातील बडतर्फ कामगारांना परत घेणे आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी बसवणे हे त्यांचे दोन निर्णय देशभर लक्षात राहिले. स्वतःच्या मतदारसंघापर्यंत मात्र त्यांना रूळ नेता आले नाहीत. गाडी रोह्यापर्यंत पोहोचायलाही १९८६ उजाडले. पुढे विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन यांच्याकडे काम सोपवले गेले. नेहमीच्या रेल्वे अर्थसंकल्पातून हा मार्ग पिढ्यान्पिढ्या होणार नाही, म्हणून राज्यांचा भांडवली सहभाग आणि बाजारातून रोखे उभारणी अशी वेगळी रचना करण्यात आली. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण झाला. तोपर्यंत दंडवते यांना राजापूरने घरी बसवून सात वर्षे होत आली होती.

१९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. लष्करी सेवेतून आलेल्या सावंतांचा कार्यकाळ एका लोकसभेपुरताच राहिला, त्यामुळे त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. पण ती निवडणूक महत्त्वाची आहे. समाजवाद्यांची मते काँग्रेसकडे वळली नव्हती. ती शिवसेनेकडे वळू लागली होती, आणि विरोधी मतांची ही फाटाफूट काँग्रेसच्या पथ्यावर पडली. सेना कोकणात आली तीही मुंबईच्याच वाटेने. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सेनेचा पाया गिरणगावातल्या शाखांत होता आणि त्या शाखांतली मुले बहुतांशी कोकणातली होती. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला गिरणी संप फसला, हजारो कामगार देशोधडीला लागले, लाल बावटा आणि समाजवादी युनियन यांची पकड सुटली. घरात पैसा पाठवणारा माणूस बदलला तसे त्याच्या पत्रातले राजकारणही बदलले. गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारा चाकरमानी आता शाखेची भाषा बोलत होता. १९९० च्या विधानसभा निवडणुकीत नारायण राणे सिंधुदुर्गातून सेनेचे आमदार झाले, आणि गावागावांत आजवर शिक्षक आणि सेवा दल सैनिक यांच्याकडे असलेले मध्यस्थाचे स्थान शाखाप्रमुखाकडे गेले. पक्षाची विचारसरणी पूर्णपणे बदलली, पण काँग्रेसच्या साखळीबाहेर राहण्याची मुलखाची सवय कायम राहिली, असे मी या बदलाचे वाचन करतो.

१९९६ मध्ये सेनेने सुरेश प्रभू यांना उमेदवारी दिली. सनदी लेखापाल, सारस्वत बँकेचे माजी अध्यक्ष, मुंबईत वाढलेले. सेनेच्या रस्त्यावरच्या प्रतिमेशी न जुळणारे, पण राजापूरच्या परंपरेत चपखल बसणारे. बॅरिस्टर, प्राध्यापक आणि सनदी लेखापाल ही क्रमवारी योगायोगाची मानता येणार नाही. दिल्लीत आपल्या वतीने बोलणारा माणूस शिकलेला असावा ही येथील अपेक्षा सेनेनेही ओळखली होती. प्रभू १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ असे चारदा निवडून आले, वाजपेयींच्या तिन्ही सरकारांत मंत्री झाले, वीजक्षेत्राच्या सुधारणांमुळे त्यांचे नाव झाले आणि ऑगस्ट २००२ मध्ये पक्षाच्या आदेशावरून त्यांना ते खाते सोडावे लागले. शिवसेनाप्रमुखांच्या शब्दावर केंद्रातला यशस्वी मंत्री राजीनामा देतो, यात नाथ पै आणि दंडवते यांच्या काळापासूनचे अंतर स्पष्ट दिसते. येथे पूर्वी खासदार पक्षापेक्षा मोठा असे.

आता पुनर्रचनेकडे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या लोकसभा जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या होत्या; २००१ च्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ पर्यंत वाढवली. म्हणजे महाराष्ट्राच्या जागा ४८ च राहणार होत्या. राज्याच्या आतली वाटणी मात्र २००१ च्या जनगणनेप्रमाणे करण्याचे ठरले आणि न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ते काम केले. येथे कोणाचा डाव शोधण्याची गरज नाही. आकडेच पुरेसे आहेत. १९७१ मध्ये राज्याची लोकसंख्या सुमारे ५ कोटी ४ लाख आणि अखंड रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे २० लाख होती, म्हणजे ४८ जागांत जिल्ह्याचा वाटा १.९. दोन मतदारसंघ न्याय्य होते. २००१ मध्ये राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांवर गेली, तर रत्नागिरी (१६,९६,७७७) आणि सिंधुदुर्ग (८,६८,८२५) मिळून ती २५ लाख ६५ हजारच भरली, वाटा १.२७ वर घसरला. विधानसभेच्या हिशेबात रत्नागिरीला पाच आणि सिंधुदुर्गाला तीन अशा आठ जागा आल्या. लोकसभेच्या एका मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ बसतात, त्यामुळे चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी यांचा एक लोकसभा मतदारसंघ झाला आणि उरलेले दापोली व गुहागर रायगडला जोडले गेले.

१९९१ ते २००१ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे २२.७ टक्क्यांनी वाढली, सिंधुदुर्गाची जेमतेम ४.४ टक्क्यांनी. हे केवळ कमी जन्मदराचे फलित नव्हते. रत्नागिरीत २००१ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१३६ आणि सिंधुदुर्गात १,०७९ स्त्रिया होत्या. पुरुष कोठे होते हे कोणालाही वेगळे विचारावे लागत नाही. आणि आता पुरुषच नव्हे, कुटुंबेही जाऊ लागली होती. गिरण्या बंद झाल्यावर चाळीतला चाकरमानी कल्याण-डोंबिवली, नालासोपारा, विरार, दिवा येथे स्वतःच्या खोलीत गेला, बायको-मुलांना घेऊन गेला, आणि जनगणनेत तेथे मोजला गेला. त्याच पुनर्रचनेत ठाणे जिल्ह्याच्या विधानसभा जागा १३ वरून २४ झाल्या आणि कल्याण हा नवा लोकसभा मतदारसंघ निर्माण झाला. कोकणातून गेलेल्या माणसांनी आपली जागा जणू बरोबर नेली. मात्र तेथे ती अनेक प्रांतांच्या माणसांत वाटली गेली. मनीऑर्डर येत होती तोपर्यंत स्थलांतराने राजापूरला राजकीय स्वातंत्र्य दिले, आणि घरे रिकामी होऊ लागली तेव्हा त्याच स्थलांतराने मतदारसंघ काढून घेतला.

नव्या मतदारसंघातील २००९ च्या पहिल्याच निवडणुकीत प्रभू पराभूत झाले. त्याआधी २००५ मध्ये नारायण राणे सेना सोडून काँग्रेसमध्ये गेले होते आणि त्यांचे पुत्र नीलेश राणे काँग्रेसकडून निवडून आले. २०१४ व २०१९ मध्ये सेनेचे विनायक राऊत आणि २०२४ मध्ये भाजपकडून स्वतः नारायण राणे विजयी झाले. दिल्लीत कोण बोलतो यापेक्षा जिल्ह्यात कोणाचे चालते, हा प्रश्न आता निवडणुकीच्या केंद्रस्थानी आहे; दक्षिण कोकणात पूर्वी नव्हती ती आश्रयदात्यांची साखळी ठेकेदारी, खाणी, पर्यटन आणि जिल्हा बँक यांच्या आधाराने आता उभी राहिली आहे. प्रभू पुढे नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात देशाचे रेल्वेमंत्री झाले, पण भाजपकडून आणि राज्यसभेतून, आधी हरियाणाचे व नंतर आंध्र प्रदेशाचे सदस्य म्हणून. एकाच ग्रामीण मतदारसंघाचे दोन माजी खासदार रेल्वेमंत्री व्हावेत आणि त्यांतील दुसऱ्याला त्या वेळी तो मतदारसंघच उरलेला नसावा, असा हा प्रकार आहे. राजापूरचे नाव याच वर्षांत बातम्यांत राहिले ते जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, नाणार आणि बारसू येथील तेलशुद्धीकरण प्रकल्प यांच्या विरोधामुळे, आणि त्या विरोधातही मुंबईतील मंडळांचा वाटा ठळक होता.

ही प्रक्रिया २००८ च्या पुनर्रचनेने थांबलेली नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीची लोकसंख्या १६,१५,०६९ आणि सिंधुदुर्गाची ८,४९,६५१ भरली, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांत प्रत्यक्ष घटली. विधानसभेच्या २८८ जागा कायम धरून केवळ या आकड्यांवर वाटणी केली, तर राज्यात एका जागेमागे सुमारे ३ लाख ९० हजार लोकसंख्या येते, आणि त्या हिशेबाने रत्नागिरीच्या वाट्याला चार व सिंधुदुर्गाच्या वाट्याला दोन जागा येतात. दोन्ही जिल्ह्यांचा मिळून नेमका एक लोकसभा मतदारसंघ होईल, आणि आजच्या आठ विधानसभा मतदारसंघांपैकी दोन उरणार नाहीत.